घर घेताना शाळा आणि ऑफिसचं गणित: या चुका टाळा

आम्ही पुण्याजवळच्या पुनावळ्याचा फ्लॅट बघायला गेलो रविवारी सकाळी ११ वाजता, तिथून ऑफिस असलेली हिंजवडी बारा-तेरा मिनिटांत गाठली आणि तिथंच भुललो. राहायला आल्यावर पहिल्याच सोमवारी भूमकर चौकातच पाऊण तास गेला. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी रस्ता बघून ठरवू नका. नऊच्या सुमारास ऑफिसच्या गेटपर्यंत जाऊन बघा, संध्याकाळी साडेसहाला परत या, आणि जमलं तर जुलैच्या पावसात एकदा.

पण आम्हाला खरी महागात पडली ती दुसरी चूक, प्रवास मोजला तो फक्त आम्हा दोघांचा. मुलगी पहिलीत, शाळा औंधला, व्हॅन गेटवर ६:३५ला कारण सकाळी आमचा स्टॉप पहिला, आणि दुपारी सगळ्यात शेवटी उतरणार तीच. व्हॅनचं दार उघडलं की ही झोपलेली, गालावर वॉटर बॅगच्या पट्ट्याचा वळ, डब्यात अर्धी पोळी तशीच. पोटात तुटायचं अगदी. शाळा किती किलोमीटर हे सगळेच विचारतात, तुम्ही व्हॅनवाल्या काकांना विचारा की आमचा स्टॉप कितवा आणि पोर घरी नक्की किती वाजता येणार.

आणि शाळेतून फोन येतो ना, ताप आलाय, घेऊन जा म्हणून, तेव्हा अर्ध्या तासात तिथं कोण पोहोचणार हे आधी ठरवा. दोघंही हिंजवडीच्या फेज ३ला आणि आजी-आजोबा गावाला असतील तर शाळा घराजवळच हवी, मग भले मोठ्यांना अर्धा तास जास्त लागू दे. नोकरी तीन-चार वर्षांत बदलू शकते, पहिली ते दहावी म्हणजे सलग १० वर्षं, म्हणून आधी शाळा पक्की करा आणि मग तिच्या भोवती घर शोधा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिल्डरच्या नकाशात 'प्रस्तावित शाळा' लिहिलेलं असतं, ती मोजूच नका. 'सीबीएसई पॅटर्न' म्हणजे मान्यता नाही, अभ्यासक्रमाची पुस्तकं वापरली तरी तसं म्हणतात, त्यामुळे बोर्डाचा संलग्नता क्रमांक मागा, शाळेचा ११ अंकी यूडायस कोड, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, पण तपासा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५% जागांसाठी प्रयत्न करणार असाल तर घर ते शाळा अंतर फार महत्त्वाचं, जवळ राहणाऱ्यांना आधी संधी, आणि भाड्याचं घर असेल तर करार रजिस्टर्डच लागतो, साधा नोटरी केलेला चालत नाही.

आधीच फसला असाल तर? लगेच फ्लॅट विकायला काढू नका. आम्ही आमचा भाड्याने दिला आणि शाळेजवळ ११ महिन्यांच्या करारावर वन बीएचके घेतला. येणारं भाडं आणि जाणारं भाडं यात फरक पडतो, तो दर महिन्याला खिशातून जातो, पण सकाळचा एक तास परत मिळाला. ते परवडत नसेल तर आधी व्हॅनचा रूट बदलून मिळतो का बघा, आपल्या भागातली चार मुलं मिळाली की वेगळी गाडी लावता येते. शाळाच बदलायची असेल तर दिवाळीपासूनच चौकशी सुरू करा, चांगल्या शाळांचे फॉर्म लवकर संपतात, आणि नवीन शाळेत जागा पक्की झाल्याशिवाय जुन्या शाळेतून दाखला काढू नका.