पालथं की उताणं? पीसीएनएलच्या टेबलाशेजारून

ओटी टेक्निशियन म्हणून लागलो आणि पहिल्याच आठवड्यात पीसीएनएलची केस आली. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा मुतखडा पाठीतून छिद्र पाडून काढतात, एवढंच माहीत होतं. आधी पाय वर बांधून युरेटरिक कॅथेटर (लघवीच्या वाटेने किडनीकडे जाणारी बारीक नळी) टाकलं. मग भूल दिलेला पेशंट पालथा करायचा. चौघांनी धरलं, "एक, दोन, तीन" झालं, पेशंट वळला आणि चादरीत अडकलेलं कॅथेटर अलगद बाहेर आलं. पुन्हा उताणं, पुन्हा पाय वर. सर काही बोलले नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. तेव्हापासून कॅथेटर फोलीला (मूत्राशयातली लघवीची नळी) आणि फोली मांडीला चिकटवल्याशिवाय मी पेशंट हलवू देत नाही.

पालथ्या पेशंटला छातीखाली आणि ओटीपोटाच्या हाडाखाली रोल द्यायचे. पोट मोकळं लोंबलं पाहिजे, नाहीतर व्हेंटिलेटरचं प्रेशर चढतं आणि भूल डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडतात. वळवायचा इशारा त्यांचाच, कारण श्वासाची ट्यूब त्यांच्या हातात असते. डोळे, नाक, कोपर, गुडघे दाबले जात नाहीत ना, हे नुसतं बघू नका, हात घालून तपासा.

उताण्याची पद्धत स्पेनचे युरोलॉजिस्ट वाल्दिविया यांनी १९८७मध्ये मांडली. कुशीखाली ते तीन लिटरची, हवा भरलेली सलाईनची पिशवी ठेवत. यात पेशंट वळवायची भानगड नाही, भूल डॉक्टर निवांत. पाय थोडे फाकवून ठेवले तर दुसरे सर्जन लघवीच्या वाटेने स्कोप (दुर्बीण) घालून एकाच वेळी काम करू शकतात. शीथ (छिद्रात बसवलेली, खडा काढायची नळी) खालच्या बाजूला उतरती असल्याने पाण्याबरोबर खड्याचा चुरा आपोआप बाहेर येतो, तुमचे बूटही भिजतात. पण सुई टोचताना किडनी पुढे सरकते, मग पोटावरून कोणीतरी दाब द्यावा लागतो. किडनीच्या वरच्या कप्प्यात शिरणंही अवघड. त्यामुळे फांद्या फुटलेला मोठा खडा असला की आमचे सर अजूनही पालथंच करतात. लठ्ठ किंवा दम्याच्या पेशंटला मात्र उताणं बरं, असं माझंही मत झालंय. अर्थात मला कोण विचारतो!

पहिल्या उताण्या केसला मी पेशंट टेबलाच्या मधोमध ठेवला होता. सर्जनच्या हाताला जागाच उरली नाही. ड्रेपिंग (अंगावर अंथरलेल्या निर्जंतुक चादरी) सोडून पेशंट सरकवावा लागला. पेशंट ऑपरेशनच्या बाजूला अगदी कडेला घ्यायचा. मात्र तिथे टेबलाची लोखंडी पट्टी सी-आर्मच्या (ऑपरेशनवेळच्या एक्स-रे मशीनच्या) चित्रात आडवी येते. म्हणून ड्रेपिंगआधी एकदा स्क्रीनिंग करून घ्या.

लिस्ट लागली की आदल्या दिवशीच विचारा: पालथं की उताणं, आणि कुठली बाजू. पालथं करणार असतील तर बाजूची खूण पाठीवरही करून घ्या. पोटावरची खूण पेशंट वळल्यावर कोणालाच दिसत नाही.