कार्बन फायबरला भोक पाडताना थर सुटू नयेत म्हणून

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शॉपमध्ये लोखंड-ॲल्युमिनियमवर बसलेला हात तोच ड्रिल बिट घेऊन ड्रोनच्या ३ मिमी कार्बन प्लेटला लावला, की वरून भोक झकास दिसतं. प्लेट उलटी केली की खालचा थर पापुद्र्यासारखा उचललेला आणि कडेला कुसळं उभी. भोक बहुतेक वेळा बिघडतं ते बिट पार होतानाच्या शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरात.

कारण बिटच्या टोकात आहे. टोकावरची मधली आडवी धार, म्हणजे चिझल एज, नीट कापत नाही. ती माल दाबत पुढे सरकते. खाली एक-दोन थरच उरले की ते कापले जाण्याआधीच वाकतात. धागे ताणाला कितीही दणकट असले तरी थरांना एकमेकांशी धरून ठेवतं ते फक्त रेझिन, म्हणजे थरांमधला चिकट पदार्थ, आणि ते सुटतं.

म्हणून बिट निवडताना आधी टोक बघा, कोटिंग नंतर. एचएसएस (हाय स्पीड स्टील) बाजूलाच ठेवा, काही भोकांतच त्याची धार जाते. निदान सॉलिड कार्बाइड हवा. भोकं शेकड्यांत असतील तर डायमंड कोटिंगचा किंवा पीसीडीचा (हिऱ्याचे कण एकत्र करून केलेल्या धारेचा) बिट महाग असला तरी परवडतो. सोनेरी TiN (टायटॅनियम नायट्राइड) कोटिंगवर पैसे घालू नका. त्याच्या जाडीने धार गोलसर होते आणि कार्बन ते लवकर घासूनही टाकतो. पातळ प्लेटला ब्रॅड पॉइंट सर्वात चांगला: बाहेरची दोन टोकं कडेचे धागे आधी कापतात, मधला माल मग निघतो. कार्बनखाली ॲल्युमिनियम असेल तर मात्र तो नको, ती टोकं तुटतात. साधाच ११८ अंशी टोकाचा कार्बाइड बिट हाताशी असेल तर आधी दीड-दोन मिमीचं पायलट भोक पाडा. चिझल एजपुढे माल उरत नाही, दाब बराच उतरतो. पायलट याहून मोठं केलं तर बिट माल ओढून घेतो.

धार १० पट भिंगाखाली बघा. धारेवर बारीक चमकणारी रेघ दिसली तर ती गोल झाली आहे. तो बिट लोखंडाला चालेल, कार्बनला नाही.

प्लेटखाली १२ मिमी प्लायवूड किंवा एमडीएफ घट्ट लावा, क्लॅम्प भोकाच्या जवळ. प्रत्येक भोकाला लाकडाची कोरी जागा द्या. जुन्या भोकावर टेकवलेल्या प्लेटला आधारच नसतो. सेंटर पंच मारू नका, वरचे थर तिथेच फुटतात. कागदी टेप लावून त्यावर खूण करा.

६ मिमी कार्बाइडला व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मशीनवर) ५००० आरपीएम आणि फेऱ्याला ०.०३ मिमी फीड, म्हणजे मिनिटाला १५० मिमी, ही सुरुवात ठीक. पिलर ड्रिल २८०० वर असेल तर त्याच हिशेबाने ३ मिमी प्लेट टोकासकट पार व्हायला साधारण साडेतीन सेकंद लागायला हवेत. हँडल एका सेकंदात खाली आलं तर थर सुटलेच म्हणा. उलट, बिट जागेवर फिरवत ठेवला तर नुसता घासतो, रेझिन तापून मऊ पडतं आणि जळकट वास येतो.

तपासायला कापसाचा बोळा भोकातून फिरवा. तो अडकला तर धागे उभे आहेत. मग खालच्या बाजूला पांढुरक्या कड्याचा सर्वात मोठा व्यास मोजून भोकाच्या व्यासाने भागा. ६ मिमी भोकाला ७.२ मिमी कडं म्हणजे १.२. किती चालेल ते ड्रॉइंग ठरवतं, पण भागाकार भोकागणिक चढत गेला तर बिट बदला. भोक बिटपेक्षा किंचित लहान भरतं, कारण कापताना दबलेला माल परत फुगतो. गो गेज (माप बरोबर असेल तरच भोकात जाणारी मोजणीची पिन) लावूनच सोडा.

एप्रिल-मेच्या ४२ अंशांत पंखा जॉबवर रोखावासा वाटतो. रोखू नका. एअर गनही नको. ही भुकटी वीजवाहक आहे, स्विच आणि पॅनेलमध्ये शिरली तर शॉर्ट करते. हेपा फिल्टरच्या (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) व्हॅक्यूमचं तोंड बिटच्या अगदी जवळ ठेवा, तोंडावर एन९५ आणि डोळ्यांवर गॉगल.

बसवताना ॲल्युमिनियमचे रिव्हेट टाळा. ओल लागली की कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियम गंजतं. तिथे स्टेनलेस किंवा टायटॅनियम वापरा.