परदेशी निघालेल्या आई-बाबांच्या खाण्यापिण्याची तयारी

आमचे आई-बाबा दर उन्हाळ्यात दादाकडे न्यू जर्सीला जातात. व्हिसा, तिकीट, विमा हे सगळं दादा तिकडून बघतो. खाण्याचं मात्र मी पुण्यातून बघते. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय: बॅगेत काय भरायचं ते नंतर, आधी कुठल्या वेळी काय खायचं ते ठरवायचं. हे उलटं झालं की बॅग चिवड्या-लाडवांनी भरते आणि माणूस वाटेत उपाशी राहतो. ज्यांचे आई-वडील पहिल्यांदाच निघालेत त्यांच्यासाठी आमच्या घरची तयारी इथे लिहिते आहे. आपापल्या घराप्रमाणे त्यात बदल करून घ्या.

तिकीट हातात आलं की त्याच दिवशी जेवणाची नोंद करून टाका. बऱ्याच कंपन्या उड्डाणाच्या २४ तास आधीपर्यंत ही नोंद घेतात, काही ४८ तास मागतात, पण शेवटच्या दिवसासाठी थांबू नका. यादीत 'हिंदू मील' असं एक नाव दिसतं. नावावरून ते शाकाहारी वाटतं, पण तसं नसतं. त्यात गोमांस नसतं एवढंच, चिकन, मटण किंवा मासे असू शकतात. एका वर्षी एजंटने आईसाठी तेच निवडलं होतं. फॉइल उघडलं तर आत चिकनचा रस्सा. आईने झाकण तसंच परत लावलं, बाबांना जेवण गोड लागावं म्हणून 'मला भूक नाही' म्हणाली आणि पुढचे नऊ तास एका पावावर काढले. मला हे कळलं महिन्याभराने, फोनवर. आपल्याला हवं असतं ते 'एशियन व्हेजिटेरियन', त्याचा कोड एव्हीएमएल. कांदा-लसूण आणि कंदमुळं चालत नसतील तर जैन जेवण, व्हीजेएमएल. मधुमेहींसाठी डीबीएमएल असतं, पण त्यातही सामिष असू शकतं, आणि सहसा एका माणसाला एकच प्रकार निवडता येतो. म्हणून शाकाहारी मधुमेही माणसाने एव्हीएमएल घ्यावं आणि गोडाची वाटी बाजूला सारावी. मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही उड्डाणांवर नोंद दिसते ना, हे डोळ्यांनी बघा, आणि सामान देताना काउंटरवर पुन्हा विचारा.

मग एक कोरा कागद घ्या आणि त्यावर प्रवासाचं घड्याळ मांडा. आमचं असं असतं: संध्याकाळी सातला पुण्याहून गाडी, साडेदहा-अकराला मुंबई विमानतळ, विमान पहाटे दोन-तीनच्या सुमारास. पहिलं जेवण उड्डाणानंतर तास-दीड तासाने येतं, म्हणजे आपल्या पोटाच्या हिशेबाने पहाटे चारला. दुसरं उतरायच्या दोनेक तास आधी. मुंबईहून न्यूअर्कला थेट विमान असलं तरी पंधरा-सोळा तास लागतात, त्यामुळे दोन जेवणांच्या मध्ये अकरा-बारा तास मोकळे जातात. कागदावर हे दिसलं की आपोआप कळतं कुठे काय लागेल. रात्रीचं जेवण घरीच, सहाला: मऊ मूगडाळीची खिचडी, तूप, दुधीची भाजी. एक्स्प्रेसवेवर गाडी थांबली तरी चहाच घ्यायचा, वडापाव आणि मिसळ नाही. विमानतळावर बाराच्या सुमारास डब्यातलं थोडं. मधल्या अकरा-बारा तासांत दोनदा हलकं खाणं.

वडापावाला मी नाही म्हणते त्याला कारण आहे. विमान ३५ हजार फुटांवर उडत असलं तरी आतल्या हवेचा दाब ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवलेला असतो. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे साधारण ५४०० फूट. थोडक्यात, आपण पंधरा तास कळसूबाईच्याही वर बसून असतो. तिथे दाब कमी, म्हणून पोटातला वायू फुगतो. महाबळेश्वरचा घाट चढताना वेफर्सचं पाकीट टम्म होतं ना, तसंच. आदल्या दिवशीपासून हरभरा, वाटाणा, राजमा, कोबी आणि सोड्याची पेयं बंद केली की आई-बाबांची निम्मी तक्रार संपते. केबिनमधली हवा कोरडीही फार असते, आर्द्रता बहुतेक वेळ २० टक्क्यांच्या खालीच. तहान लागायची वाट न बघता दर तासाला थोडं पाणी प्यायचं. बाथरूमला उठावं लागेल म्हणून आई पाणी टाळायची. तिला आता मुद्दाम कडेची सीट घेऊन देतो, उठणं-चालणंही होतं. आणि विमानातलं जेवण अळणी लागतं त्यात दरवेळी आचाऱ्याची चूक नसते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्थान्सासाठी जमिनीवरच केबिनसारखा दाब करून चाचण्या घेतल्या, तेव्हा मीठ आणि साखर जिभेला कमी जाणवते, टोमॅटोसारखी चव मात्र टिकते, असं दिसलं. म्हणून वरून मीठ मारू नका, विशेषतः रक्तदाब असेल तर. आमसुलाचा एक तुकडा किंवा लिंबाची फोड मागून घेतली की घास उतरतो.

आता औषधांचं, आणि हे कृपया घाईत वाचू नका. बाबांना जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. तीन वर्षांपूर्वी जेवण येतंय अशी घोषणा झाली आणि त्यांनी लगेच इंजेक्शन टोचून घेतलं. तेवढ्यात विमान हेलकावे खायला लागलं, पट्टे बांधायचा दिवा लागला, जेवणाच्या गाड्या मागे गेल्या. कोणाचीच चूक नव्हती. पण तासाभरात बाबांच्या कपाळावर घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. आईच्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी होती म्हणून वेळ निभावली. तेव्हापासून आमचा नियम असा की ताट समोर येऊन फॉइल उघडल्याशिवाय सुई लावायची नाही. ग्लुकोज किंवा साखर सीटच्या पुढच्या खिशात ठेवायची, वरच्या कप्प्यात नाही. साखर उतरली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि बरं वाटलं की लगेच काहीतरी पोटभरीचं खायचं. इन्सुलिन आणि सगळ्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. खालच्या सामानात इन्सुलिन गोठू शकतं आणि मग ते निकामी होतं. न्यू जर्सीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा, म्हणजे जाताना तो दिवस तेवढा लांबतो. डोस कसे हलवायचे हे डॉक्टरांना तिकीट दाखवून लिहून घ्या. फोनवर विचारलेलं घाईत विसरतं.

हातातल्या बॅगेतला डबा हा माझा आवडता भाग. आमच्याकडे दशम्याच होतात. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, थोडं तेलाचं मोहन, चवीला मीठ, आणि लाटून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी नीट कोरडी भाजायची. मग त्या एकावर एक न रचता स्वच्छ पंचावर पसरून पूर्ण गार होऊ द्यायच्या. गरम दशम्या डब्यात कोंडल्या की झाकणाला वाफ धरते आणि ते पाणी परत दशमीवर पडून ती चिकट होते, वास मारते. गार झाल्यावर प्रत्येक दोन दशम्यांत कोरडी शेंगदाण्याची चटणी भुरभुरून बटर पेपरात गुंडाळते, एकेका माणसाची एकेक पुडी. हात न धुता खाता येतं, शेजारच्याला वासाचा त्रास नाही. तिखटमिठाच्या पुऱ्याही चांगल्या टिकतात, पण तेल फार पितात आणि बसून राहिलेल्या माणसाला जड होतात. बटाट्याची भाजी, दहीभात, ओल्या नारळाची चटणी डब्यात नको. बंद डब्यात ते चार तासांपलीकडे टिकेल असं धरून चालू नका. याशिवाय भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी, ज्वारीच्या लाह्या, आवळासुपारी, ओवा. एवढं पुरतं. रिकामी बाटली न्या आणि तपासणी झाल्यावर भरून घ्या.

ओलं काहीही, म्हणजे लोणचं, तूप, मुरांबा, चटणी, हातातल्या बॅगेत ठेवू नका. १०० मिलीच्या वरची बाटली तपासणीत काढून घेतात, आणि कपाटातली जुनी बरणी डोळ्यांदेखत कचऱ्यात जाताना आईचा चेहरा बघवत नाही. पिठं आणि मसालेही खाली द्या. अमेरिकेच्या विमानांना ३५० मिलीपेक्षा जास्त मापाची पूड वर नेताना वेगळी तपासणी होते, त्यात मेतकुटाची पिशवी अडकू शकते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर वरही नाही आणि खालीही नाही. त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात म्हणून त्यांना मनाई आहे.

खसखशीबद्दल मी जरा कडक आहे. संयुक्त अरब अमिराती, सौदी आणि सिंगापूर इथे खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी, आणि ते जवळ बाळगणं हा गुन्हा. आपण नुसतं दुबईला विमान बदलणार असलो तरी. आता आपल्या फराळात खसखस कुठे कुठे असते ते आठवा: अनारशावर, करंजीच्या सारणात, बाकरवडीत, कधी लाडवातही. त्या वाटेने जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत यातलं काहीही देऊ नका, आणि शेजारच्या काकूंनी लेकीसाठी दिलेला बंद डबा उघडून बघितल्याशिवाय भरू नका.

अमेरिकेत उतरताना अधिकारी विचारतात, खाण्याचं काही आणलंय का? आई-बाबांकडून उत्तर पाठ करून घ्या: हो, आणलंय. लाडू, चिवडा, चकली, दळलेले मसाले, चहा हे सांगितलं तर सहसा जाऊ देतात, शेवटचा निर्णय त्यांचा. न सांगता सापडलं तर दंड होतो. कढीपत्ता नाही, कारण त्याच्या पानांवरून लिंबूवर्गीय झाडांची कीड जाते. तांदूळ नाही, कारण खपरा नावाचा धान्यातला भुंगा. आंबेमोहोराची पाच किलोची पिशवी कितीही जिव्हाळ्याने भरली तरी ती तिथेच राहते. हापूसही नाही. २००७ साली अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं ते लासलगावच्या केंद्रात विकिरण करून गेलेल्या पेट्यांना, सुटकेसमधल्या फळांना नव्हे. युरोप किंवा इंग्लंडला जाणार असाल तर दुधाचे पदार्थ काढून टाका: पेढे, बर्फी, पनीर, तूप. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या एका सफरचंदालाही जागच्या जागी ४०० डॉलर दंड होऊ शकतो. नियम बदलत राहतात, म्हणून निघायच्या आठवड्यात त्या त्या देशाचं सरकारी पान उघडून बघायचं कामही यादीत लिहा.

काय न्यायचं यापेक्षा काय न्यायला नको हे ठरवलं की वजन निम्मं होतं. एडिसन-आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर तूरडाळ, पोहे, रवा, हिंग सगळं मिळतं. तिथे न मिळणारं न्या: घरचा गोडा मसाला, घरच्या भाजणीचं पीठ, मेतकूट, दादासाठी डिंकाचे लाडू. भाजणी भाजून दळलेली असते, तरी पिशवीवर इंग्रजीत 'रोस्टेड फ्लोअर' असं लिहून चिकटवा.

बाहेर जेवताना पहिली सवय मोडायची ती हिरवा ठिपका शोधायची. तो आपल्याकडच्या पाकिटांवर सक्तीचा आहे, तिथे नाही, त्यामुळे मागची घटकांची यादी वाचावी लागते. जिलेटिन दिसलं की ते जनावरांपासून आलेलं समजा, काही दह्यांत आणि मऊ गोळ्यांत ते बऱ्याचदा असतं. भाज्यांचं सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं, मेक्सिकन बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, आणि काही ठिकाणी बटाट्याच्या तळलेल्या फोडींनाही गोमांसाची चव लावलेली असते. 'आय ॲम व्हेजिटेरियन' एवढ्याने भागत नाही. 'नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग, नो ब्रॉथ' असं एका चिठ्ठीवर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवलंय, ती ते सरळ वाढणाऱ्याला दाखवते. दोघांत एकच ताट मागवा, तेही बहुतेक उरतं. थंड पेयात ग्लासभर बर्फ असतो, 'नो आइस' आधीच सांगा.

राहिले पहिले तीन दिवस. दादाला निघायच्या आदल्या दिवशी मेसेज करते: विमानतळावरून थेट घरी, हॉटेलात नाही. वरण-भात, लिंबू, भाजलेला पापड. त्या रात्री दोनच्या सुमारास दोघेही टक्क जागे होतात, कारण पुण्यात तेव्हा दुपारचे साडेअकरा वाजलेले असतात आणि पोट जेवण मागतं. म्हणून तो ओट्यावर झाकून एका वाटीत लाह्या, दुधाचा पेला फ्रीजच्या पुढच्याच कप्प्यात आणि शेगडी कशी पेटवायची ते मराठीत लिहिलेला कागद शेगडीच्या वर चिकटवून ठेवतो.