पाटणच्या दानलेखाची तारीख कशी ताडून पाहावी

चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख म्हणजे विज्ञान आणि राजाज्ञा एकाच दगडावर. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या राजा सोन्हदेवाने त्या मठाला दान दिलं.

तारखेचे घटक आधी सुटे लिहून काढा: शके ११२८, प्रभव संवत्सर (साठ वर्षनावांच्या चक्रातलं पहिलं नाव; शेवटचं क्षय), श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण. शकात ७८ मिळवले की १२०६ येतं. बरेच जण इथेच थांबतात आणि वर्षभराने चुकतात. संवत्सराचं नाव तपासायला शकात १२ मिळवून ६० ने भागा. बाकी १ उरली तर प्रभव, शून्य उरली तर क्षय. ११२८ ला शून्य उरते, ११२९ ला १. आकडा आणि नाव जुळत नसेल तर निवाडा ग्रहणावर सोपवा, कारण ते आजही गणिताने काढता येतं. ९ ऑगस्ट १२०७ चं चंद्रग्रहण प्रभवातच पडतं. तीच तारीख धरा.

शेवटचा जुन्या मराठीतला भाग मात्र घाईत वाचू नका, दानाचा व्यवहार तिथेच आहे: राजाच्या करातला वाटा मठाला, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल, आणि मोजायचं ते मठाच्याच मापाने.