आधी वर्णन, मग नाव: शैवाक ओळखायला शिकणाऱ्यांसाठी

बडोद्यात राहून शैवाकांवर, म्हणजे लायकेनवर, काम करायचं म्हटलं की लोक हमखास विचारतात, "इथे ती मिळतात तरी का?" मिळतात. शहरात कमी, पण जांबुघोडा, रतनमहाल ही अभयारण्यं आहेत. आणि दक्षिणेला डांगात उतरलात की वघईकडच्या जंगलात गुळगुळीत सालीच्या खोडांवर पांढुरके डाग दिसू लागतात. बॉटनीत एमएस्सी करताना मी या डागांच्या नादी लागले, तो नाद अजून सुटलेला नाही. नव्याने येणाऱ्यांना एकच गोष्ट पटवायची आहे: नाव शोधायची घाई करू नका, आधी पूर्ण वर्णन लिहा.

शैवाक म्हणजे बुरशी आणि शेवाळ (किंवा सायनोबॅक्टेरिया) यांचा जोडसंसार. शास्त्रीय नाव मात्र त्यातल्या बुरशीचं असतं, म्हणून ओळख पटवायची तीही बुरशीच्या फळांवरून. उष्ण कटिबंधातल्या जंगलात सालीला घट्ट चिकटलेली, क्रस्टोज प्रकारचीच शैवाकं जास्त. नखाने हलकेच खरवडलं आणि आत नारिंगी रंग दिसला, तर ते बहुधा ट्रेंटेपोहलिया शेवाळ.

जंगलात जाण्याआधी हात घरीच बसवा. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी गोड्या मसाल्याला दगडफूल लागतंच, आणि तेही शैवाकच. त्यातली मूठभर बाजूला काढा. किराणा दुकानातल्या पुडीत बहुतेक वेळा एकाहून जास्त जाती मिसळलेल्या असतात, आणि सरावाला तेच बरं. रेझर ब्लेडने आडवे छेद घ्या, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाका, रंग टिपा. ही के टेस्ट. ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाची ती सी टेस्ट. पी टेस्टचं पॅराफिनिलीनडायअमीन विषारी आहे, ते घरी आणूच नका. प्रयोगशाळेत, हातमोजे घालून, फ्यूम हुडखालीच. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मात्र जरूर घ्या. शहरांतल्या झाडांवर सहज आढळणारी पिक्सीन कोकोईस ही शैवाकाची जात त्याच्या उजेडात पिवळी चमकते, कारण तिच्यात लिकेक्झँथोन हे द्रव्य असतं.

मी ग्राफिस या शैवाकांच्या प्रजातीपासून (म्हणजे जीनसपासून) सुरुवात केली आणि तुम्हालाही तेच सुचवेन. पांढऱ्या थॅलसवर, म्हणजे शैवाकाच्या अंगावर, बोरूने ओढल्यासारख्या काळ्या रेघा असतात, त्यांना लिरेली म्हणतात. हीच बुरशीची फळं. बाहेरून सगळ्या सारख्याच वाटतात. फरक कळतो तो छेद घेतल्यावर. लिरेलीच्या ओठांवर उभ्या चिरा आहेत का? भिंत पूर्ण काळी पडली आहे, की फक्त बाजूंना? हायमेनियम, म्हणजे बीजाणू तयार होतात तो थर, स्वच्छ आहे, की त्यात तेलाचे बारीक थेंब पसरलेत? बीजाणूंना नुसते आडवे पडदे आहेत, की उभेही? आणि आयोडीन दिल्यावर ते जांभळट होतात का? या पाच प्रश्नांची उत्तरं चित्रासकट वहीत उतरवल्याशिवाय ‘की’ (एकेक लक्षण विचारत नावापर्यंत नेणारा तक्ता) उघडायची नाही, असा नियमच करून घ्या. अर्धवट निरीक्षणावर ‘की’ चालवली, तर ती कुठल्या ना कुठल्या नावापाशी नेऊन सोडतेच, आणि मग डोळ्यांना तेच दिसायला लागतं.

रसायनशास्त्राची भीती वाटणाऱ्यांनी काही शैवाकांत असणारं नॉरस्टिक्टिक ॲसिड एकदा स्वतः पाहावं. पातळ छेद स्लाइडवर ठेवून कव्हरस्लिपच्या कडेने के टेस्टच्याच पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब आत सोडायचा. पेशींतून आधी पिवळं पाणी ओघळतं, आणि काही मिनिटांत त्यातच लालभडक सुयांचे झुबके उगवू लागतात. आमच्या शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी आयपीसवरून उठायलाच तयार नव्हते. तरी अशा थेंब टाकून करायच्या स्पॉट टेस्टवर थांबू नका, टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे पातळ थरावर रसायनं वेगळी करणं) कराच. एकच रंग देणारी आम्लं बरीच आहेत.

आता नाव. भारत, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या सूक्ष्म शैवाकांची द. द. अवस्थी यांची की १९९१ची. पाया म्हणून ती हवीच, पण ग्राफिसची जागतिक की २००९ साली आली, आणि २०१८मध्ये अॅलोग्राफा ही प्रजाती तिच्यातून वेगळी काढली गेली. २०१४च्या एकाच शोधनिबंधात ग्राफिसच्या ग्राफिडेसी कुळाच्या १७५ नव्या जाती आल्या. म्हणजे कीमध्ये न बसणारा नमुना नवाच असेल असं नाही. कदाचित त्याचं नाव कीच्या नंतरचं असेल, किंवा शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्याच प्रजातीखाली नोंदलेलं असेल. नवी जात जाहीर करण्यातली खरी मेहनत आधीच्या नावांचे मूळ नमुने तपासण्यात असते. डीएनए मदतीला येतो, ग्राफिडेसीत एमटीएसएसयू हा मायटोकाँड्रियातल्या डीएनएचा तुकडा बराच वापरला जातो, पण थॅलसवर वाढलेल्या भलत्याच बुरशीचा डीएनए-क्रमही मिळू शकतो. छेद आणि क्रम एकमेकांशी जुळले पाहिजेत.

जात खरंच नवी निघाली, तर होलोटाइप (नाव ज्यावर आधारलेलं असतं तो मूळ नमुना) हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, ठेवावा लागतो, इंग्रजी किंवा लॅटिनमध्ये वर्णन किंवा वेगळेपण सांगणारी टीप द्यावी लागते, आणि २०१३पासून मायकोबँकसारख्या बुरशींच्या नावांच्या नोंदणीचा क्रमांकही लागतो. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नेमलेल्या संस्थेला कळवून नमुना जमा करणं बंधनकारक आहे. अभयारण्यात वनविभागाची लेखी परवानगी नसेल तर छिन्नी बाहेर काढू नका.

नमुना कागदी पाकिटातच ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. पाकिटावर झाडाचं नाव, उंची, जीपीएस, तारीख त्याच दिवशी लिहा. अडलात तर लखनौचं एनबीआरआय (राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था), पुण्याचं आघारकर संशोधन संस्थान इथल्या जाणकारांना विचारता येतं. पण पत्रासोबत छेदाचे फोटो, बीजाणूंची मापं आणि टीएलसीचा निकाल जोडा. नुसत्या खोडाच्या मोबाइल फोटोवरून ग्राफिसची जात कुणालाच सांगता येत नाही.