दोन महायुद्धांच्या मधल्या निवडणुकांचे निकाल वाचायचे कसे

१९१८ ते १९३९ ह्या काळातल्या कुठल्याही निवडणुकीचं टेबल समोर आलं की आपण काय करतो, पक्षाचं नाव बघतो, जागा बघतो आणि "अमुक पक्ष जिंकला" म्हणून पुढे जातो. मी पण कितीतरी वर्षं असंच करायचे. मग एकदा ब्रिटनची १९२९ ची निवडणूक बघत होते, मजूर पक्षाला २८७ जागा आणि हुजूर पक्षाला २६०, मतांची टक्केवारी बघितली तर मजूर ३७.१ आणि हुजूर ३८.१. जास्त मतं ज्यांना त्यांच्या जागा कमी. आणि लिबरल पक्षाला तेवीस टक्क्यांच्या वर मतं पडून जागा फक्त ५९! त्या दिवसापासून मी जागांचा कॉलम सगळ्यात शेवटी वाचते, आणि तुम्हालाही तेच सांगणार आहे.

एक वही घ्या किंवा एक्सेल शीट उघडा, एका निवडणुकीला एक ओळ. कॉलम कुठले करायचे ते खाली सांगते, पण क्रम बदलू नका, सगळी गंमत क्रमातच आहे.

आधी मतदार कोण ते लिहा

ह्या काळात "सार्वत्रिक मतदान" हा शब्द फार सैल वापरलेला असतो. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९१८ ला पुरुषांना २१ व्या वर्षी मत होतं आणि बायकांना तिसाव्या वर्षी, तेही स्वतःची किंवा नवऱ्याची मालमत्तेची अट पूर्ण होत असेल तर. वयाची समानता आली १९२८ च्या कायद्याने, म्हणजे १९२४ आणि १९२९ च्या मतांची सरळ तुलना करताना मध्ये लाखो नवीन मतदार आलेत हे धरायलाच पाहिजे. जपानमध्ये १९२५ ला पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांना मत मिळालं आणि १९२८ च्या निवडणुकीत मतदार तेहतीस लाखांवरून सव्वा कोटीच्या आसपास गेले, बायका मात्र बाहेरच. दक्षिण आफ्रिकेत १९३० ला बायकांना मत मिळालं असं वाचाल, ते फक्त गोऱ्या बायकांना. आणि सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, १९३१ ला २१ वर्षांवरच्या स्त्री-पुरुष दोघांनाही मत होतं, तेही ब्रिटिश राज्य असताना.

फ्रान्सचं उदाहरण मला सगळ्यात जास्त लागतं. १९३६ ला पॉप्युलर फ्रंट, म्हणजे डाव्या पक्षांची आघाडी, जिंकली, लिऑन ब्लूम पंतप्रधान झाले आणि त्यांनी सरकारात तीन बायकांना उपमंत्री केलं, त्यात नोबेल मिळालेल्या इरेन जोलिओ-क्युरी पण होत्या. ह्या तिघींपैकी एकीलाही त्या निवडणुकीत मत देता आलेलं नव्हतं! फ्रान्सच्या बायकांना हक्क मिळाला १९४४ ला. त्यामुळे "फ्रान्सच्या जनतेने कौल दिला" असं वाक्य दिसलं की शेजारी लिहून ठेवा, अर्धी जनता.

मग बघा की लढत झाली का

हा कॉलम बहुतेक जण विसरतात. आयर्लंड, डिसेंबर १९१८, तेव्हा ते ब्रिटनच्याच राज्यात होतं. शिन फेन ह्या स्वातंत्र्य मागणाऱ्या पक्षाला १०५ पैकी ७३ जागा, पण मतं साधारण ४७ टक्के. बरेच जण ह्यावरून म्हणतात की बघा, निम्म्या लोकांचा पण पाठिंबा नव्हता. पण त्या ७३ पैकी २५ जागा बिनविरोध होत्या, तिथे मतदानच झालं नाही, आणि जिथे पक्ष सगळ्यात मजबूत होता तिथलीच मतं बेरजेत शून्य धरली गेली. म्हणजे टक्केवारी खरी आहे पण ती अख्ख्या आयर्लंडची नाही. बिनविरोध जागा किती ते शोधल्याशिवाय त्या काळातल्या ब्रिटिश टक्केवारीवर वाद घालूच नका, १९३१ ला सुद्धा ब्रिटनमध्ये साठहून जास्त जागा बिनविरोध गेल्या होत्या.

स्पेनमध्ये तर १९०७ च्या कायद्यातलं कलम २९ च होतं की जागा तेवढेच उमेदवार असले तर मतदान न घेता निवडून आले असं जाहीर करायचं. गावोगावच्या बड्या लोकांना ते फार सोयीचं पडायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि उलट टोक म्हणजे एकच यादी. नोव्हेंबर १९३३ चं जर्मनी, १९२९ आणि १९३४ चं इटली, १९३७ चं सोव्हिएत युनियन. ह्यांचे ९२, ९८, ९९ टक्के वेगळ्या रंगाने लिहा, बाकीच्या आकड्यांच्या रांगेत बसवू नका.

मताची जागा कशी होते

इथे जरा वेळ द्या कारण सगळ्यात मोठे घोटाळे इथेच आहेत.

जर्मनीत वायमार काळात, म्हणजे हिटलरच्या आधीच्या प्रजासत्ताकात, नियम होता की पक्षाच्या दर ६०,००० मतांना एक जागा. त्यामुळे संसदेचा आकारच दर वेळी बदलायचा, मतदान वाढलं की जागा वाढल्या. १९२८ ला ४९१, १९३० ला ५७७, जुलै १९३२ ला ६०८, नोव्हेंबर १९३२ ला ५८४, मार्च १९३३ ला ६४७. तेव्हा नुसत्या जागांची तुलना करू नका, "नाझींच्या जागा १९६ वरून २८८ झाल्या" ह्यात सभागृह फुगल्याचा पण वाटा आहे.

इटलीत १९२३ ला आचेर्बो कायदा आला, ज्या यादीला सगळ्यात जास्त मतं आणि ती किमान २५ टक्के असतील तिला दोन तृतीयांश जागा, म्हणजे ५३५ पैकी ३५६. एप्रिल १९२४ ला फॅसिस्ट यादीला साठ टक्क्यांच्या वर मतं दाखवली आहेत, मग कोणी म्हणेल की त्यांना कायद्याची गरजच पडली नाही. पण ती मतं मारझोड करून, विरोधकांच्या सभा उधळून मिळवली होती आणि समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती ह्यांनी ३० मे ला संसदेत उभं राहून हेच सांगितलं, १० जूनला त्यांना गाडीत घालून पळवलं आणि ठार मारलं. १९२४ च्या ओळीत टक्केवारीच्या शेजारी मी ह्या दोन तारखा लिहिल्या आहेत, तुम्ही पण लिहा.

रुमानियात १९२६ चा कायदा असाच, ४० टक्के मिळवणाऱ्याला निम्म्या जागा आधीच आणि उरलेल्यांत पुन्हा वाटा. सत्तेतलं सरकार निवडणूक घ्यायचं आणि जिंकायचं, डिसेंबर १९३७ ला मात्र चाळीसचा आकडा गाठता आला नाही आणि सगळंच कोसळलं. अमेरिकेत रूझवेल्ट १९३६ ला ६१ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन ५३१ पैकी ५२३ इलेक्टोरल मतं (राज्यवार मिळणारी, ज्यांच्यावर राष्ट्राध्यक्ष ठरतो ती) घेऊन गेले, मेन आणि व्हर्माँट एवढी दोनच राज्यं हातातून सुटली, नकाशा बघून वाटेल की विरोधकच नव्हते.

मत टाकायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं

शक्य असेल तर मतपत्रिकेचा फोटो शोधा, एक फोटो दहा पानांचं काम करतो. १० एप्रिल १९३८ ची ऑस्ट्रियाची मतपत्रिका बघा, जर्मनीत विलीन व्हायचं का ह्याच्यावरचं सार्वमत, मधोमध मोठ्ठं गोल "हो" साठी आणि बाजूला त्याच्यापेक्षा लहान गोल "नाही" साठी. ९९ टक्क्यांच्या वरचा निकाल त्या दोन गोलांच्या साइझमध्येच छापून ठेवलेला आहे. इटलीत १९२९ ला "हो" चा कागद तिरंगी होता आणि "नाही" चा पांढरा, आता बूथवर काळ्या शर्टवाला, म्हणजे फॅसिस्टांचा माणूस, उभा असताना पांढरा कागद कोण उचलणार.

हंगेरीत १९२२ ला खेड्यापाड्यांत उघडं मतदान परत आणलं, तोंडाने सगळ्यांसमोर सांगायचं कोणाला मत, आणि ते १९३९ पर्यंत गेलं. ज्याच्या शेतावर तुम्ही राबता त्याचा माणूस समोर बसलाय आणि तुम्ही त्याच्या विरोधातलं नाव घेताय, करा कल्पना. म्हणून हंगेरीच्या ओळीत शहर आणि खेडं वेगळं लिहायचं, शहरात गुप्त, खेड्यात उघडं.

ग्रीसची १९२० ची निवडणूक तर कागदाशिवायच झाली. प्रत्येक उमेदवाराची एक पेटी, आत दोन कप्पे, पांढऱ्या बाजूला हो आणि काळ्या बाजूला नाही. मतदाराला शिशाची गोळी द्यायची, तो नळीतून हात आत घालणार आणि गोळी इकडे की तिकडे टाकली ते बाहेरच्याला दिसणार नाही, मग पुढची पेटी, पुढची गोळी. म्हणजे एक माणूस हवे तितक्या उमेदवारांना "हो" म्हणू शकतो, मग अशा मतांची बेरीज करून पक्षाची टक्केवारी काढली तर ती आजच्या टक्केवारीसारखी वाचता येत नाही. शिवाय तारीख सांभाळा, ग्रीसमध्ये तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, त्यामुळे एके ठिकाणी १ नोव्हेंबर आणि दुसरीकडे १४ नोव्हेंबर दिसेल, दोन्ही एकच दिवस.

एक साधी बेरीज, न चुकता

एकूण मतं आणि एकूण मतदार शेजारी शेजारी ठेवा. लायबेरिया १९२७, राष्ट्राध्यक्ष चार्ल्स किंग ह्यांना दोन लाख त्रेचाळीस हजार मतं जाहीर झाली आणि नोंदलेले मतदार पंधरा हजार पण नव्हते. एवढंच बघितलं तरी पुढचं काही वाचायची गरज राहात नाही.

मतदानाच्या टक्क्याबाबत पण सांभाळून. ऑस्ट्रेलियात १९२२ ला मतदान साठ टक्क्यांच्या खाली आणि १९२५ ला ९१ च्या वर, लोक अचानक जागे झाले नव्हते, १९२४ ला मतदान सक्तीचं केलं होतं. पोलंडमध्ये १९३५ ला ४६ टक्क्यांच्या आसपास, तिथे विरोधकांनी बहिष्कार घातला होता, म्हणजे घरी बसणं हेच मत होतं.

तारखा एका खाली एक लावा

जर्मनीवर आपण सगळेच बोलतो म्हणून हे नीट करा. नाझी पक्ष: १९२८ ला २.६ टक्के, १९३० ला १८.३, जुलै १९३२ ला ३७.३, नोव्हेंबर १९३२ ला ३३.१. थांबा इथे. चार महिन्यांत वीस लाखांच्या आसपास मतं गेली, पक्ष खाली येत होता. आता दुसऱ्या रंगाने मधली ओळ घाला, ३० जानेवारी १९३३, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग ह्यांनी हिटलरला चान्सलर नेमलं. नेमलं, निवडून नाही. मग २७ फेब्रुवारीला संसदेला आग, २८ ला नागरिकांचे हक्क स्थगित, कम्युनिस्टांची धरपकड, आणि ह्या सगळ्यानंतर ५ मार्चला मतदान, तरी ४३.९ टक्केच! बहुमत झालं ते मित्रपक्षाच्या ५२ जागा धरून. कम्युनिस्टांचे ८१ निवडून आलेले लोक सभागृहात येऊच शकले नाहीत आणि २३ मार्चला सगळे अधिकार देणाऱ्या कायद्याच्या विरोधात ९४ मतं पडली, सगळी सोशल डेमोक्रॅट्सची. "लोकांनीच निवडून दिलं" असं कोणी म्हटलं की मी ही पट्टी दाखवते, कारण एवढ्या दहशतीतही निम्म्याहून जास्त मतदारांनी दुसरीकडे मत टाकलं होतं आणि ते पुसलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

नगरपालिका सोडू नका

देशाचे निकाल सगळे बघतात, पालिकांचे कोणी बघत नाही. स्पेनचा राजा गेला तो पालिका निवडणुकीवरून, १२ एप्रिल १९३१. खेड्यांत राजाच्या बाजूचे भरपूर निवडून आले होते, कितीतरी बिनविरोध (ते कलम २९ आठवा), पण बहुतेक प्रांतांच्या राजधान्या रिपब्लिकन लोकांनी घेतल्या, म्हणजे जिथे खरी लढत झाली तिथली मतं. दोन दिवसांत, १४ एप्रिलला प्रजासत्ताक जाहीर झालं आणि अल्फोन्सो तेरावा देश सोडून गेला. नुसती नगरसेवकांची बेरीज केलीत तर हे कळणारच नाही.

बेल्जियममध्ये बायकांनी पालिकेला १९२१ ला मत दिलं, संसदेला १९४८ नंतर, म्हणून त्या दोन निकालांची तुलना करताना मतदार वेगळे आहेत हे लिहा. उत्तर आयर्लंडमध्ये १९२२ ला स्थानिक निवडणुकांतली प्रमाणशीर पद्धत (मतांच्या प्रमाणात जागा) काढून टाकली आणि राष्ट्रवादी, म्हणजे एकसंध आयर्लंड हवा असणाऱ्या लोकांच्या हातातल्या कौन्सिल्स गेल्या. इटलीत तर १९२६ पासून निवडून आलेल्या महापौरांच्या जागी वरून नेमलेले पोदेस्ता आले, तिथे तुमच्या शीटवर रिकामी घरं राहतील आणि ती रिकामीच ठेवायची. प्रशियात, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्यात, १२ मार्च १९३३ ला पालिका निवडणुका झाल्या आणि लगेच कोलोनचे महापौर कॉनराड आडेनाउअर ह्यांना खुर्चीवरून काढलं, हेच पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर.

आता एक ओळ स्वतः भरा

मुंबई प्रांत, १९३७ घ्या. मतदार कोण? मालमत्ता, कर, शिक्षण ह्या अटींत बसणारे, सगळे प्रौढ नाहीत. लढत? मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ आणि १९३२ च्या पुणे कराराप्रमाणे दलितांसाठी राखीव जागा, म्हणजे एकच टेबल नाही, दोन-तीन टेबलं एकत्र. मत कसं? काही मतदारसंघांतून एकापेक्षा जास्त जण निवडायचे आणि जेवढ्या जागा तेवढी मतं, ती सगळी एकालाच दिली तरी चालायची. म्हणून बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षासारख्या नव्या पक्षाला आपली मतं न विखुरता एका उमेदवारामागे उभी करता आली, बाबासाहेब आंबेडकर मुंबईतून निवडून आले ते काँग्रेसने उभ्या केलेल्या क्रिकेटपटू पालवणकर बाळूंना हरवून. अशा ठिकाणी मतं मोजा, पण त्यांना माणसं समजू नका. जागा एकूण १७५, काँग्रेस निम्म्याच्या जरा खाली पण सगळ्यात मोठा पक्ष.

आणि शेवटचा कॉलम, सरकार कोणाचं. इथे घाईत "काँग्रेस" लिहू नका. काँग्रेसने आधी मंत्रिपदं घेतलीच नाहीत, एप्रिलमध्ये धनजीशा कूपर ह्यांचं मंत्रिमंडळ आलं आणि बाळासाहेब खेर ह्यांनी शपथ घेतली ती जुलैत, म्हणजे त्या एका घरात दोन नावं आणि दोन तारखा लिहायच्या.