मांजरीचे माती आणि नायलॉन खाणे कसे थांबवले

मालवणच्या आमच्या घरी पडवीत मासेमारीची जाळी दुरुस्त होतात. गेल्या पावसाळ्यात आमची मनी त्या जाळ्यांचे नायलॉनचे तुकडे आणि अंगणातली माती खाऊ लागली. पशुवैद्यांनी प्रथम तिच्या हिरड्या पाहिल्या. त्या फिकट, जवळजवळ पांढऱ्या होत्या. अशा खाण्यामागे रक्तक्षय, जंत किंवा आतड्यांचे विकार असू शकतात आणि नुसता कंटाळाही असू शकतो, म्हणून रक्त व विष्ठा तपासल्याशिवाय त्याला खोड म्हणू नये, असे त्यांनी सांगितले. तपासणीत अंकुशकृमी, म्हणजे आतड्यात रक्त शोषणारे जंत, आणि रक्तक्षय आढळला.

त्याहून मोठी धास्ती दोऱ्याची होती. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकले, तर आतडे नाडी ओढलेल्या कापडासारखे चुणते व फाटूही शकते. म्हणून तोंडातून वा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तरी तो कधीही ओढू नये. सुदैवाने सोनोग्राफीत अडथळा दिसला नाही.

जंतनाशक आणि लोहाच्या औषधाने माती खाणे थांबले. नायलॉनची ओढ मात्र चिवट निघाली. त्यासाठी सारे तुकडे झाकणाच्या पिंपात जातात आणि संध्याकाळी मनीशी न चुकता खेळावे लागते.